बत्तीस घरांत एक फायबर

प्रश्न : आमच्या गल्लीत खांबावर एक पेटी बसवली आहे. एक्सचेंजमधून आलेली एकच फायबर तिच्यात फुटून बत्तीस घरांत जाते म्हणे. प्रत्येक घराला स्वतंत्र फायबर दिली तर खर्च बत्तीसपट होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्याच्या जवळपासही जाणार नाही. जमिनीखालून जाळं टाकताना पैसा काचेच्या तंतूत फारसा जात नाही. तो जातो चर खणण्यात, रस्ता पूर्ववत करण्यात, परवानग्यांत. एकदा चर खणला की त्यात दोन तंतूंची केबल टाका नाहीतर अठ्ठेचाळीसांची, खोदाईचं बिल तेच.

मग वाटणी का? हजार घरं धरा. स्वतंत्र तंतू दिले तर एक्सचेंजात हजार पोर्ट लागतात, तेवढी जागा आणि वीजही. बत्तीस-बत्तीस घरांची वाटणी केली की बत्तीस पोर्टांत भागतं. मुख्य केबल तुटली तर जोडायचे तंतूही थोडे. तुमच्या पेटीतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका तंतूतला प्रकाश वाटून देणाऱ्या भागाला, वीज लागत नाही, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. रस्त्यावर विजेवरचा स्विच ठेवण्याचीही एक पद्धत आहे, पण तिथे बॅटरी आणि देखभाल कायमची मागे लागते.

वेगाचं म्हणाल तर अशा वाटणीच्या जीपॉन नावाच्या पद्धतीत एका तंतूवरून सुमारे 2.5 गिगाबिट येतात. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी ओढ लावली तरी प्रत्येकी 78 मेगाबिट मिळतील, आणि तसं क्वचितच घडतं. पुढे दोन्ही टोकांची यंत्रं बदलून त्याच तंतूवर 10 गिगाबिट नेता येतात.

खरी काळजी स्प्लिटरच्या जागेची. स्वित्झर्लंडमध्ये स्विसकॉम या दूरसंचार कंपनीने 2020 मध्ये खर्च वाचवण्यासाठी स्प्लिटर रस्त्यालगतच्या चेंबरमध्ये नेले. त्यामुळे एक्सचेंजपासून घरापर्यंतचा अखंड तंतू प्रतिस्पर्धी कंपन्यांना भाड्याने मिळेना. त्याच डिसेंबरात स्पर्धा आयोगाने हे काम रोखलं, 2024 मध्ये 1.8 कोटी फ्रँक दंड केला. दरम्यान कंपनीला पुन्हा स्वतंत्र तंतूंकडे वळावं लागलं. स्प्लिटर एक्सचेंजातच ठेवला असता तर पोर्टांची बचत झाली असती आणि घराचा तंतूही मोकळा राहिला असता. केबल तेवढी जाड लागली असती.

तुमच्या गल्लीत पुन्हा खोदाई निघाली, तर पुढे स्वतंत्र तंतू नेता यावेत म्हणून चर बुजवण्याआधी त्यात एक रिकामी डक्ट टाकण्याचा आग्रह महापालिकेकडे जरूर धरा.