पेलेटची शेगडी घेण्यापूर्वी

गावात गॅस आला तरी पुष्कळ शेतकरी कुटुंबांत पाणी तापविणे, भाकरी भाजणे, डाळ शिजविणे ही कामे अद्यापि चुलीवरच होतात. चुलीचा धूर डोळ्यांत पाणी आणतो एवढाच त्याचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा धुरामुळे 2020 साली जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली. चुलीपुढे अधिक वेळ बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या मांडीवरील मुले यांस त्याची झळ सर्वांत जास्त लागते. म्हणून धूर न करणाऱ्या पेलेटच्या शेगडीविषयी गावोगाव विचारणा होते, हे योग्यच आहे. मात्र शेगडी घेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करणे हिताचे ठरते.

पेलेट म्हणजे काय?

पऱ्हाट्या, तुराट्या, भुईमुगाची टरफले, उसाची चिपाडे, लाकडाचा भुसा असा माल वाळवून, दळून, यंत्रात मोठ्या दाबाखाली दाबला म्हणजे सुमारे 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. त्यांस पेलेट म्हणतात. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने काडीकचऱ्यातील नैसर्गिक चिकट द्रव्य मऊ होते व कांडी घट्ट बांधली जाते. हे काम घरी होण्यासारखे नाही. म्हणजे काडीकचरा आपल्या शेतातील असला तरी इंधन विकतच घ्यावे लागते. सर्व निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतो.

शेगडी कशी चालते?

या शेगडीत पेलेट भरून वरून पेटवितात. लहान पंखा खालून थोडी हवा देतो. तिच्यामुळे पेलेट तापून त्यांतून जळाऊ वायू सुटतो. वरच्या बाजूच्या छिद्रांतून दुसरी हवा येते आणि तो वायू तेथे पूर्णपणे जळतो. धूर म्हणजे बव्हंशी न जळालेला वायूच होय. तो येथे जळून जात असल्याने ज्वाला स्वच्छ राहते व भांडी काळी पडत नाहीत. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी शेकडा 10 ते 15 भागच भांड्यास मिळतो. पंख्याच्या शेगडीस तो किमान शेकडा 35 मिळावा असे भारतीय मानक आयएस 13152 सांगते. बिनपंख्याच्या सुधारित चुलीस ही मर्यादा शेकडा 25 आहे. शेगडीवर या मानकाची खूण आहे की नाही, हे प्रथम पहावे.

पूर्वीचा अनुभव

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली एक पेलेट शेगडी 2006 सालापासून महाराष्ट्र व कर्नाटकातील खेड्यांत विकली गेली. तिची विक्री चार लाखांच्या घरात पोहोचली. शेगडी चांगली होती व गृहिणींस ती आवडलीही होती. परंतु पुढे कच्च्या मालाचे आणि त्याबरोबर पेलेटचे भाव चढले, घरगुती पुरवठा आकसला आणि कित्येक घरे पुन्हा चुलीकडे वळली. शेगडी फळीवर राहिली व धूर परत आला. आज कारखाने पेलेट घेतात. शिवाय केंद्र शासनाच्या 2021 च्या धोरणानुसार कोळशावरील वीजकेंद्रांनाही कोळशात ते मिसळावयाचे आहेत. मोठ्या ग्राहकांच्या या मागणीत घरगुती ग्राहक मागे पडण्याचा संभव असतो. तेव्हा आधी इंधन पहावे, मग शेगडी.

खर्चाचा हिशेब

एक किलो पेलेटपासून सुमारे 3,500 किलोकॅलरी उष्णता मिळते. तिचा शेकडा 35 भाग म्हणजे सुमारे 1,225 किलोकॅलरी भांड्यास मिळतात. 14.2 किलोच्या गॅस सिलिंडरपासून, शेकडा 60 भाग उपयोगी पडतो असे धरल्यास, सुमारे 93,000 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एक सिलिंडर हा सुमारे 75 किलो पेलेटच्या बरोबरीचा झाला. यावरून सोपा नियम असा : पेलेटच्या किलोच्या दरास 75 ने गुणावे. येणारी रक्कम आपणांस पडणाऱ्या सिलिंडरच्या किमतीहून जास्त असल्यास पेलेट परवडणार नाही. दर 12 रुपये असल्यास ही रक्कम 900 रुपये होते. दरात पेलेट घरापर्यंत आणण्याचे भाडेही धरावे.

लाकूड विकत घेणाऱ्या कुटुंबाने दुसरा हिशेब करावा. एक किलो पेलेट साध्या चुलीतील सुमारे तीन किलो वाळलेल्या लाकडाचे काम करते. ज्यांना सरपण फुकट मिळते, त्यांना पेलेट हा रोख खर्च वाटेल. तथापि सरपण आणण्यात जाणारा घरातील स्त्रियांचा वेळ व धुराने होणारे आजार हिशेबाबाहेर ठेवू नयेत.

घेताना काय पहावे?

1. वर्षभर पेलेट पुरविणारा विक्रेता जवळपास आहे काय? ज्या कुटुंबास महिन्यास एक सिलिंडर लागतो, त्यास पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सुमारे 300 किलो पेलेट साठवावे लागतील. तेवढी कोरडी जागा घरात असावी. ओल लागल्यास पेलेटचा भुगा होतो.

2. पेलेटचा दर्जा पहावा. चांगली कांडी कडकन मोडते व पाण्यात बुडते. पोत्याच्या तळाशी भुकटी फार असल्यास माल घेऊ नये. भाताच्या तुसात राख शेकडा 15 ते 20 असते. अशा पेलेटने शेगडी वरचेवर साफ करावी लागते.

3. पंखा कशावर चालतो व बॅटरी किती वेळ टिकते, हे विचारावे. भारनियमनाच्या वेळी पंखा थांबल्यास शेगडी धुरू लागते.

4. शेगडी आपल्याच घरी, आपल्याच तव्यावर व पातेल्याखाली पेटवून पहावी. पुष्कळ शेगड्यांची एक भरणी सुमारे तासभर जळते व मध्येच भर घालता येत नाही. आठ माणसांच्या भाकऱ्या एका भरणीत होतात काय, हे जी भाकरी करते तिनेच ठरवावे.

5. पंखा, बॅटरी व आतील जाळी यांची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होते याची खात्री करून घ्यावी.

एक इशारा

थंडीत ऊब यावी म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. ज्वाला विझल्यावरही निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो कळतही नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. स्वयंपाक होताच निखारे बाहेर काढावेत व शेगडी वापरताना खिडकी उघडी ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेगडीचे प्रात्यक्षिक दाखविण्यापूर्वी आपल्या भागातील पेलेटचा दर व पुरवठा यांची माहिती स्वतः जमवावी. पुरवठा नसेल तेथे धुराड्याची सुधारित चूल सुचविणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. घेतलेली शेगडी पुढील पावसाळ्यातही पेटती राहिली, तरच त्या घरातला धूर गेला असे म्हणता येईल.