जुना व्हिडिओ गेम पुन्हा घरी : रोह्यात बसून खर्च किती?

मे महिन्याची दुपार, एक टीव्ही, दोन रिमोट आणि ‘कॉन्ट्रा’. नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांना हे पुन्हा हवं आहे, आणि आता शेजारी आपली मुलं बसावीत अशीही इच्छा आहे. पण ऑनलाइन शोधायला गेलं की पाचशे रुपयांच्या खेळण्यापासून पन्नास हजारांच्या कपाटापर्यंत सगळं समोर येतं आणि गोंधळ उडतो. रोहा, अष्टमी, धाटाव, कोलाड, नागोठणे किंवा पेण परिसरात राहणाऱ्याला हा छंद किती रुपयांत जमेल, याचा हा हिशेब. किमती अंदाजे आहेत. दुकान आणि हंगाम यांनुसार त्या थोड्याफार बदलतील.

मुख्य सल्ला आधीच सांगतो : यंत्र निवडण्याआधी गेम ठरवा आणि सोबत कोण खेळणार तेही ठरवा. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

१. माळ्यावरचा जुना गेम चालू करणे : ० ते ८०० रुपये

सगळ्यात स्वस्त यंत्र बहुधा तुमच्याच घरात पडून आहे. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ आणला. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी घरोघरी पोहोचलेली यंत्रं त्याच घराण्यातली. त्यांची कॅसेट ६० पिनची असते, त्यामुळे एका यंत्राची कॅसेट बहुधा दुसऱ्यात चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली निन्टेंडोची कॅसेट मात्र ७२ पिनची. ती यात बसत नाही, म्हणून मागवू नका.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्या आधीच हिरव्या पडलेल्या असतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा. लहान बाटली १०० ते २०० रुपयांना मिळते आणि बरीच वर्षं पुरते.

अ‍ॅडॅप्टर बहुतेक यंत्रांना ९ व्होल्टचा लागतो. नवा १५० ते २५० रुपयांत येतो. पण व्होल्ट जुळले म्हणून लगेच लावू नका. पिनेच्या मधल्या भागाला अधिक आहे की उणे, याची खूण यंत्रावर आणि अ‍ॅडॅप्टरवर असते. ती जुळलीच पाहिजे, नाहीतर यंत्र कायमचं जाऊ शकतं.

टीव्हीला पिवळी-पांढरी एव्ही जागा नसेल तर एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर ३०० ते ६०० रुपयांना मिळतो. काही नव्या टीव्हींत एव्हीसाठी हेडफोनसारखं एकच भोक असतं. तिथे शंभर-दीडशेची जोडवायर पुरते. चित्र काळं-पांढरं दिसलं तर यंत्र बिघडलं असं धरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टीम ‘ऑटो’ किंवा ‘पाल’ करून बघा.

एवढं करूनही यंत्र सुरू झालं नाही, तर बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या. या यंत्रांत वीज ५ व्होल्टवर आणणारा ७८०५ नावाचा भाग असतो आणि तो जाणं हा नेहमीचा दोष आहे. भाग दहा-वीस रुपयांचा, मजुरी दोनशे-तीनशे. पाचशेच्या वर खर्च सांगितला तर दुरुस्ती सोडून पुढचा पर्याय घ्या.

२. नवीन कॅसेटवाला गेम : ७०० ते १५०० रुपये

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच ठरावीक गेम नावं आणि स्टेज बदलून पुन्हा पुन्हा येतात. वेगळे गेम साधारण काही डझनच निघतात. मारिओ (१९८५), टँकचा ‘बॅटल सिटी’ (१९८५), कॉन्ट्रा, सर्कस, बाँबरमॅन हे त्यांत आहेत का, एवढंच दुकानदाराला लावून दाखवायला सांगा. सोबतचे रिमोट हलके असतात आणि बटणं लवकर बसतात. जादा रिमोट १५० ते ३०० रुपयांत मिळतो, पण त्याची पिन तुमच्या यंत्राला जुळते का ते तिथेच बघून घ्या.

बंदूक असलेला संच घेण्याआधी थांबा. ‘डक हंट’ची बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाही. ट्रिगर ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाश टिपणारा भाग नेमका तोच क्षण पकडतो. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे नेम बरोबर असूनही बदक पडत नाही. बंदूक हवीच असेल तर जुना डबा टीव्ही लागेल. वापरलेला २१ इंची टीव्ही ५०० ते १५०० रुपयांत मिळू शकतो. तो चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका आणि स्वतः उघडू तर अजिबात नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक दाबाची वीज साठून राहते.

३. टीव्हीला लावायची गेम स्टिक : १५०० ते ३००० रुपये

एचडीएमआयला लागणारी काडी, दोन बिनवायरचे रिमोट आणि हजारो गेम. जोडायला सोपी, म्हणून हल्ली हीच जास्त विकली जाते. पण अडचणी माहीत असू द्या. यांतले बहुतेक गेम मूळ कंपन्यांच्या परवानगीविना भरलेले असतात आणि हमी नावापुरती असते. मेमरी कार्ड सगळ्यात आधी बिघडतं. रिमोटचे सेल हा चालू खर्च वेगळा. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारत असेल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करा. फरक लगेच जाणवतो.

४. पार्लरमधले गेम : ५०० रुपयांपासून ५०,००० पर्यंत

नाणं टाकून खेळलेल्या गेमची ओढ वेगळी असते. आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर तो बेतलेला आहे. कॅपकॉमने अशा मारधाडीच्या जुन्या गेमचा संग्रह २०१८ मध्ये आणला, पण त्यात हा गेम नाही. फक्त मुस्तफासाठी तो संग्रह घ्याल तर निराश व्हाल.

बाकी अनेक गेम अधिकृतपणे मिळतात. कोनामीचा कॉन्ट्रा संग्रह २०१९ पासून आहे. ‘मेटल स्लग’ आणि ‘स्ट्रीट फायटर’चे जुने भाग ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानात विकत घेता येतात. तिथे सवलतीचे सेल वारंवार लागतात, तेव्हा थांबून घ्या. घरातला जुना लॅपटॉप यांतल्या बहुतेक गेमना पुरतो. वायरचा यूएसबी गेमपॅड ३०० ते ६०० रुपयांना मिळतो.

खऱ्या दांड्याची आणि मोठ्या गोल बटणांची हौस असेल तर दोघांसाठीचा जॉयस्टिक-बटण संच १५०० ते ३००० रुपयांत ऑनलाइन येतो. त्याला गावातल्या सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. प्लाय वॉटरप्रूफच घ्या. साधा प्लाय इथल्या पावसाळ्यात फुगतो. पार्लरसारखं उभं तयार कपाट ४०,००० रुपयांच्या पुढे जातं आणि रोह्यापर्यंतची वाहतूक वेगळी. घरात जागा आणि रोज खेळणारी माणसं असतील तरच त्याचा विचार करा.

५. मुंबईला जावं का?

एखादा सुटा भाग किंवा नवा रिमोट हवा असेल तर ऑनलाइन मागवणं परवडतं. जुनं यंत्र हाताळून घ्यायचं असेल तर मात्र ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार गाठावा लागतो. रोह्याहून मेमूने पनवेल किंवा दिव्याला उतरून पुढे लोकल धरली की तिकिटाचा खर्च किरकोळ असतो, पण दिवस मोडतो. म्हणून यादी करून जा, आपली एक चालू कॅसेट सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात.

६. चालू खर्च आणि पावसाळा

वीज फार जळत नाही. २१ इंची डबा टीव्ही आणि गेम मिळून साधारण १०० वॉट धरले, तर रोज एक तास खेळून महिन्याला ३ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी ३० रुपये. ३२ इंची एलईडीवर खर्च साधारण निम्मा.

खरा शत्रू ओलावा. मृगाआधी कॅसेट आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॅप्टर आणि केबल दोन्ही काढा.

७. पैसे देण्याआधी

व्हिडिओ गेम यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक खोक्यावर शोधा. अ‍ॅडॅप्टरवरही तो पाहा, कारण आग लागण्याचा धोका तिथेच जास्त. बिल मागा. २०१९ पासून व्हिडिओ गेमवर १८ टक्के जीएसटी आहे, पण छापील किमतीत कर धरलेला असतो. तो वर मागितला तर देऊ नका. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग.

तुमच्या खिशाप्रमाणे

५०० रुपये : जुनं यंत्र स्वच्छ करा, अ‍ॅडॅप्टर घ्या.
२००० रुपये : नवीन कॅसेटवाला गेम, कन्व्हर्टर आणि एक जादा रिमोट.
५००० रुपये : घरचा लॅपटॉप, अधिकृत संग्रह, जॉयस्टिक संच आणि सुताराची पेटी.

यांतलं काहीही निवडलंत तरी दुसऱ्या रिमोटचे पैसे आधी बाजूला काढा. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा गेम आहे, आणि पार्लरमधली मजाही शेजारी उभ्या असलेल्या मित्रामुळेच होती. महाग यंत्र आणि एकच रिमोट घेतलात तर मूल दहा मिनिटं बघत बसेल आणि मोबाइलकडे वळेल. दोन रिमोट असतील तर हजाराचा गेमही सुट्टीभर पुरेल.