सहीआधीची वही

सहायक कुलसचिव झालीस, मनापासून आनंद झाला. आता तुझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागेल. प्रत्येकीवर 'मान्यतेस्तव सादर' असेल आणि फाईल घेऊन आलेला माणूस म्हणेल, "मॅडम, फक्त सही." इथेच जपायचं.

एक वही घाल. ऑफिसची नको, स्वतःची. ज्या फाईलवर सही करताना हात अडखळला, तिच्याबद्दल चार ओळी लिही: काय ठरवलं, का ठरवलं, पुढे काय होईल असं वाटतं, कशाची खात्री नाही. तारीख टाक. फाईलवरच्या टिपणीत निर्णय राहतो, नियमाचा क्रमांक राहतो. मनातली शंका तिथे कुणी लिहीत नाही. तीन महिन्यांनी ते पान उघड. अंदाज चुकला असेल तर सबबी नकोत, कुठे चुकला तेवढं शोध. वही नसली की मन लबाडी करतं, 'मला आधीच वाटलं होतं' म्हणून मोकळं होतं.

मला हे फार उशिरा उमगलं. परीक्षा विभागात असताना दर निकालानंतर आमच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत रांग लागायची. पात्रता प्रमाणपत्र नाही म्हणून निकाल राखून ठेवलेली मुलं ती. कुणी पहाटेच्या एसटीने आलेलं, हातात डबा. मी एक खिडकी वाढवली, दोन माणसं जास्त बसवली, टोकन सुरू केलं. रांग भराभर सरायला लागली आणि मला त्याचा अभिमान वाटला. चौथ्या वर्षी एका मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कॉलेजची पोच काढून माझ्यापुढे ठेवली. शिक्का ऑगस्टचा. "मॅडम, कागद तर तेव्हाच दिलेत. मग मी आले कशाला?"

त्या दुपारी मी पहिल्यांदा पात्रता विभागात जाऊन पाहिलं. कपाटावर सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. कॉलेजांकडून वेळेत आलेले, आवक क्रमांक पडलेले, आणि न उघडलेले. तीन वर्षं मी रांग हाकत होते. ती का लागते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी नेमका हाच फरक मांडलाय: एक शिकणं चूक निस्तरण्यापुरतं, दुसरं चूक जिथून येते ती पद्धतच तपासणारं. आणि विचाराची सुरुवात काहीतरी खटकण्यातून होते, हे जॉन ड्युई यांनी १९१० सालीच लिहून ठेवलंय. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकवणारे ते हेच ड्युई. तेव्हा खटकलेलं दाबू नकोस. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असं महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा सांगतो. त्या घाईत खटकलेलं सगळ्यात आधी विसरतं. म्हणून त्याच संध्याकाळी लिही.

महिन्यातून एकदा खिडकीच्या पलीकडे, मुलांच्या बाजूला जाऊन उभी राहा. ओळख न देता. अर्धा तास पुरे.

परीक्षेनंतरच्या बैठकीत 'कुणाची चूक' हा प्रश्न पहिला येऊ देऊ नकोस. तो आला की समोरचा क्लार्क कागद लपवतो, मग खरं काय झालं ते कधीच कळत नाही. 'त्या दिवशी तुम्हाला काय दिसत होतं?' असं विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. ही शांतता जड जाते, पण सोसायची. शिपायालाही विचार, गठ्ठा कुठे अडतो ते त्याला पाठ असतं.

नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल मन लावून कर, पण तो समितीला दाखवायला असतो. वही कुणालाच दाखवायची नसते.

तुझ्यापुरता अपवाद करते. माझ्या वह्या पाठवतेय. पहिल्या काही पानांवर नुसत्या तक्रारी आहेत, त्या ओलांडून वाच. पात्रता विभागाचं पान दुमडून ठेवलंय.