अकरा दिवस थेंब घातले

ह्यांचा डावा कान एका रात्रीत बंद पडला. सकाळी फोन डाव्या कानाला लावला, तर पलीकडे कुणी नाहीच. उजव्याला लावला, तर बोलणं स्वच्छ. आमच्या डोकमर्डी गावात ज्याने त्याने कारखान्याला दोष दिला. सिल्वासाच्या यार्न कंपनीत जन्म गेला, कान जाणारच! पण मशीनच्या आवाजाने कान वर्षानुवर्षं झिजतात, आणि बहुधा दोन्ही.

जवळच्या डॉक्टरांनी कानात डोकावून ‘मळ आहे’ म्हटलं, थेंब दिले. पुन्हा गेलो, तर म्हणाले, “घाई कशाला करता?” असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी वापीहून गाडी धरून मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून ह्यांच्या कपाळावर टेकवला. “आवाज कुठे येतो?” ह्यांनी उजव्या कानाकडे बोट केलं. मळाने कान बंद असता, तर आवाज त्या बंद कानातच घुमला असता. तो चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे दुखणं आतल्या कानाचं, नसेचं. अर्ध्या मिनिटाची तपासणी! ती आधी का झाली नाही, हा राग अजून जात नाही.

लगेच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी झाली, स्टेरॉइड सुरू झालं, जोडीला हायपरबॅरिक ऑक्सिजन. बंद चेंबरमध्ये दुप्पट ते अडीचपट दाबाखाली सुमारे दीड तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. रक्तात विरघळून तो आतल्या कानापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, की हा उपचार स्टेरॉइडसोबत २ आठवड्यांच्या आत देता येईल, फार तर महिन्याच्या आत. आमचे अकरा दिवस त्यातलेच गेले.

चेंबर शोधताना एका केंद्राने वीस बैठकांचे पैसे आधीच मागितले. कान कधी गेला, हे विचारलंही नाही. दाब विचारला, तर १.३ पट! फुगवायची पिशवी ती. आम्ही उठून आलो.

म्हणून सांगते. एक कान अचानक गेला, तर तोंड मिटून गुणगुणून बघा. आवाज चांगल्या कानात गेला, तर त्याच दिवशी ईएनटी गाठा, ऑडिओमेट्री मागा. चेंबरचा दाब विचारा. सर्दी असेल तर आधी सांगा. आत जाताना सुती कपडे घाला. डोक्याला तेल नको, खिशात मोबाइल नको. विम्याची मंजुरी लेखी घ्या. एमआरआय टाळू नका, क्वचित नसेवर गाठही निघते. आणि धीर धरा.

ह्यांचं ऐकणं अर्धंमुर्धं परत आलं. डावीकडून हाक मारली, तर आजही उजवीकडे वळून बघतात.