चुना मुरू द्या

मुळशीत कोळवणच्या खोऱ्यात भातखाचराला लागून आम्ही घर बांधले. पाया खाली कठीण मुरूम लागेपर्यंत नेला होता, तो आजही जागचा हललेला नाही. फसलो ते फाटकापासून ओट्यापर्यंतच्या शंभर फूट वाटेत. ती सगळी खाचराची काळी माती. उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा आणि पावसात घोट्यापर्यंत चिखल.

ठेकेदार म्हणाला, "साहेब, चुना मारू. माती दगड होईल." मे महिना संपत आला होता. १५ पोती आली, फावड्याने पसरली, कुदळीने वरवर हलवली. संध्याकाळी रोलर फिरला आणि दुसऱ्याच दिवशी पेव्हर ब्लॉक बसले. जुलैत निम्मे ब्लॉक वर आले, निम्मे खचले आणि विटांचा टेम्पो मधोमध रुतला.

दिवाळीनंतर वाट उकरली तेव्हा उलगडा झाला. मुठीएवढी ढेकळे जशीच्या तशी होती. त्यांना बाहेरून पांढरा लेप, आत मात्र तीच काळी चिकट माती.

काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आक्रसते. चुन्यातले कॅल्शियम त्यांवर जाऊन बसले की पाण्याची ओढ कमी होते आणि एक-दोन दिवसांत माती भुरभुरीत होते. खरी ताकद त्यानंतर येते. मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी मिळून सिमेंटसारखा बंध धरतात, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. आम्ही एक रात्र दिली होती.

हिशेबही तेव्हाच करायला हवा होता. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद, सहा इंच खोल म्हणजे पाच ब्रास माती, सुकी धरली तरी बावीस टनांच्या आसपास. २५ किलोची १५ पोती म्हणजे जेमतेम १.७ टक्के चुना. अशा मातीला साधारण ३ ते ८ टक्के लागतो आणि नेमका आकडा प्रयोगशाळेतून घ्यावा. तिथे मातीची फुगही मोजून मिळते: १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, आणि चोवीस तासांनी दोन्हींची तुलना. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५१ ही पुस्तिका चुना-मातीच्या रस्त्यांसाठीच आहे. ठेकेदाराला ती दाखवा.

उतारावरच्या मुरमाड जमिनीत मात्र चुना घालू नका. चिकणमातीच नसेल तर चुना कुणाशी बांधला जाणार? आणि घराच्या पायाला चुन्याच्या भरवशावर सोडू नका. काळ्या मातीवर आयुष्यभर काम केलेले आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा उपाय दिला आहे. त्याबद्दल आपल्या अभियंत्याला जरूर विचारा.

पोती ताजी घ्या. हवा लागून जुना झालेला चुना पुन्हा चुनखडी बनतो. चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाकल्यावर खूप फसफसले तर तो माल परत करा. मजुरांना गॉगल, हातमोजे आणि मास्क दिल्याशिवाय पोते फोडू देऊ नका. चुन्याने डोळा जातो.

दुसऱ्या खेपेला आम्ही फेब्रुवारीत सुरुवात केली, म्हणजे पावसाआधी तीन महिने हातात. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने ढेकळे फोडली, चुना आणि पाणी घालून पुन्हा फिरवला, ताडपत्रीखाली दोन दिवस मुरवले. मग परत रोटाव्हेटर, लगेच रोलर, आणि पुढे सात दिवस वाट ओली ठेवली. रोलरआधी अभियंत्याने एक खड्डा खणून त्याच्या कडेवर फिनॉल्फथेलिन फवारले. चुना असेल तिथे ते गुलाबी होते. वरपासून सहा इंचांपर्यंत कड सलग गुलाबी झाली, तेव्हाच त्याने रोलरवाल्याला हात केला.