वार्धक्यातील अस्थिभंग आणि आरोग्याची पुनःप्राप्ती

वृद्ध मनुष्यास गंभीर दुखापत होण्यास मोठा अपघातच घडावा लागतो असे नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर शहर भूकंपाने हादरले. घरे कोसळली, अनेक माणसे जखमी झाली. अशी घटना लोकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहते. परंतु त्याच शहरात, कसलाही गाजावाजा न होता, एखादी वृद्ध व्यक्ती रात्री न्हाणीघराकडे जाताना ओल्या फरशीवर घसरते आणि तिच्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडते. तरुणास अशा पडण्याने फार तर मुका मार लागतो. वृद्धाच्या बाबतीत मात्र जीविताचाच प्रश्न उभा राहतो. निरनिराळ्या देशांतील अनुभव असा, की खुब्याजवळचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारणतः पाचांतून एक ते तिघांतून एक वर्षभरात दगावतो. केवळ हाड मोडल्याने मृत्यू येणे विरळाच. मग असे का घडावे?

शरीराची शिल्लक

समजा, जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये राहणाऱ्या ७५ वर्षांच्या एका गृहस्थांस दहा-पंधरा वर्षांपासून मधुमेह व रक्तदाबाचा विकार आहे. औषधे नियमित चालू आहेत; सकाळी ते फिरावयास जातात, बाजारहाटही करतात. पाहणाऱ्यास त्यांची प्रकृती उत्तम वाटते. परंतु हृदय, मूत्रपिंडे, फुप्फुसे व स्नायू यांच्या अंगी तारुण्यात जी जादा शक्ती शिल्लक असते, ती वयाने आणि जुन्या व्याधींनी पुष्कळशी खर्ची पडलेली असते. रोजच्या व्यवहारास उरलेली शक्ती पुरते. अस्थिभंग, रक्तस्राव आणि वेदना यांचा भार एकाच वेळी पडला म्हणजे ती अपुरी ठरते. दुखापतीनंतर शरीरात काही अंतःस्राव वाढतात व त्यामुळे रक्तातील साखर चढते. साखर फार चढली की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरण्यास विलंब लागतो. येणेप्रमाणे जुना विकार नव्या दुखापतीस व नवी दुखापत जुन्या विकारास बळ देते.

अंथरुणाचा धोका

दुखावलेल्या वडीलधाऱ्या माणसास हलू न देणे हे कुटुंबीयांस प्रेमाचे कर्तव्य वाटते. वस्तुतः दीर्घकाळची शय्या हीच त्याची मोठी वैरीण होय. उताणे पडून राहिल्याने फुप्फुसांत कफ साचतो व न्यूमोनिया होतो; पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात; पाठीवर व टाचांवर शय्याव्रण पडतात. स्नायूंचा ऱ्हास तर आश्चर्य वाटावे इतका त्वरित होतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांस दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायुभार सुमारे एक किलोग्रॅमने घटला. निरोगी माणसाची ही गत, तर व्याधिग्रस्ताची काय होईल हे सांगणे नलगे.

हे सत्य इंग्लंडमधील डॉक्टर मार्जरी वॉरेन यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३५ साली लंडननजीकच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात असाध्य समजून वर्षानुवर्षे निजवून ठेवलेले शेकडो वृद्ध त्यांच्याकडे आले. त्यांनी प्रत्येकाची तपासणी केली, विकारांवर उपचार केले आणि रुग्णांस उठविण्याचा परिपाठ घातला. त्यांपैकी पुष्कळ जण चालू लागले, कित्येक घरी परतले. वृद्धांच्या आधुनिक वैद्यकाचा पाया तेथे घातला गेला.

मोडलेले हाड कसे जुळते

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास चेंडूसारखा गोल भाग असतो आणि त्याखाली निमुळती मान असते. गोलाचा रक्तपुरवठा बहुतांशी मानेच्या कडेने वर जातो. मान मोडून भाग सरकले की ह्या रक्तवाहिन्या तुटतात व हाड जुळण्याची आशा कमी होते. म्हणून वृद्धांत बहुधा तो गोल काढून धातूचा बसवितात. मानेच्या खाली हाड मोडले तर तेथे रक्त भरपूर असल्याने ते जुळते. परंतु वेडेवाकडे जुळू नये म्हणून आत सळई किंवा पट्टी घालावी लागते. पूर्वी अशा रुग्णांस पायाला वजन बांधून कित्येक आठवडे निजवीत असत. बोस्टनचे शल्यवैद्य स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाखांच्या खिळ्याची आपली पद्धती १९३१ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे चित्र पालटू लागले.

शस्त्रक्रियेचा प्रमुख हेतू रुग्णास लवकर उभे करणे हा आहे. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर काही तासांतच शस्त्रक्रिया केल्याने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही; परंतु अशा रुग्णांस बुद्धिभ्रम कमी झाला व ते लवकर उभे राहिले. तेव्हा ‘साखर अगदी उतरू द्या, मग पाहू’ म्हणून दिवसामागून दिवस घालविणे हिताचे नाही. साखर, रक्तदाब व रक्तातील क्षार यांची व्यवस्था लावणे आणि शस्त्रक्रियेची सिद्धता करणे ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

घरच्यांचे कर्तव्य

चालू औषधांची यादी पहिल्याच तासात वैद्यांस दाखवावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आवर्जून सांगावे. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. वेदनाशामक गोळ्याही मनाने देऊ नयेत, कारण त्यांपैकी काही दुबळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात. रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर ते ‘वयाचे वेड’ समजू नये. हा बुद्धिभ्रम जंतुसंसर्ग, मलावरोध, वेदना किंवा औषधे यांतून उद्भवतो व बहुधा बरा होतो. चष्मा, श्रवणयंत्र, दिवसाचा उजेड आणि ओळखीचा चेहरा यांचा त्यावर मोठा उपयोग होतो.

वैद्यांची अनुज्ञा असल्यास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णास आधाराने उभे करतात. पुढे वॉकर, मग काठी, मग जिना असा क्रम असतो. त्यास महिनोन्महिने लागतात व काहींच्या हातची काठी कायम राहते. आहारात वरण, दूध, दही, अंडी अशी प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांचे प्रमाण वैद्यांनी ठरवावे.

एकदा हाड मोडलेल्यास पुन्हा मोडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून ठिसूळ हाडांवरील औषधे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांविषयी रुग्णालय सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. न्हाणीघरात धरावयास दांडा, रात्रभर मंद दिवा आणि सरकती पायपुसणी दूर करणे, एवढ्या अल्प खर्चाच्या तजविजीने पुढचे पडणे पुष्कळदा टळते. ही तजवीज पहिल्या अपघाताची वाट न पाहताच करणे अधिक शहाणपणाचे होय.