क्यूआर कोड आणि आपली इंग्रजी

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मोबाईल धरला की धडा बोलू लागला!

पण ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे. माझा लातूरकडचा रूममेट उत्तर येत असूनही व्हायवाला गप्प बसला. तेव्हापासून इथे नांदेडच्या होस्टेलवर आमचा रोजचा नेम : मोबाईलवर दोन मिनिटं इंग्रजी ऐकायचं, तेच स्वतःच्या शब्दांत रेकॉर्ड करायचं, मग आपलाच आवाज ऐकून चुका शोधायच्या. मी कॉन्व्हेंटचा, म्हणून उरलेल्या चुका मी सांगतो. माझं मराठी शुद्धलेखन तो तपासतो. हा लेखसुद्धा!

परवा सेमिनारमध्ये त्यानं इंग्रजीत प्रश्न विचारला. दोनदा चुकला, पण थांबला नाही.